घडीचा चाकू आणि खरेदीमागून येणारा विचार

शेतकऱ्याच्या घरांत होणाऱ्या खरेदीचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. बैल घ्यावयाचा झाला म्हणजे दांत पाहतात, चाल पाहतात, खूर पाहतात आणि चार शहाणीं माणसें सोबत घेतल्यावांचून बाजारांत पाऊल टाकीत नाहींत. मोट गेली आणि पंप आला, तरी पंप घेण्यापूर्वीं शेजारच्या पांच विहिरींवर चौकशी होतेच. उलट दोरी, खुरपें, विळा, चाकू या वस्तु बाजारांतून जातां जातां घेतल्या जातात. त्यांच्याविषयीं विचार करावयाचा तो घरीं आल्यावर. हा विचार आला म्हणजे लोक त्याला वरातीमागून घोडें म्हणून हंसतात. आमचें मत निराळें आहे. मागाहून येणारा हा विचार योग्य दिशेला लावला तर पदरीं पडलेल्या वस्तूचें सोनें होतें. आणि तो भलत्या दिशेला गेला तर एका निरुपयोगी वस्तूच्या जागीं दोन येतात. या गोष्टीचें उदाहरण म्हणून खिशांतील घडीच्या चाकूइतकें सोयीचें दुसरें नाहीं.

हल्लीं शंभर-दीडशें रुपयांपासून कित्येक हजार रुपयांपर्यंतचे घडीचे चाकू बाजारांत मिळतात, आणि मागणी नोंदविली तर घरपोचही येतात. चित्रांत ते फार देखणे दिसतात. हातीं आल्यानंतर पहिले दोन दिवस मालक तो उघडतो आणि मिटतो, शेजाऱ्याला दाखवितो. तिसऱ्या दिवशीं पोत्याची सुतळी कापावयाची वेळ येते आणि मनांत पाल चुकचुकते. धार आहे म्हणावी तर सुतळी चोळली जाते, कापली जात नाहीं. ओल्या हातानें पातें उघडत नाहीं. उघडलेलें पातें किंचित् डुलतें. कच्ची कैरी चिरली तों दुसऱ्या दिवशीं पात्यावर काळे डाग. मग मन म्हणतें, याहून दुसरा घेतला असता तर बरें झालें असतें. येथेंच खरा धोका आहे. शंका रास्त असते, परंतु तिचें उत्तर दुकानांत शोधण्याची घाई होते. दुसरा चाकू येतो, त्याच्याविषयींही तिसऱ्या दिवशीं तेंच होतें, आणि पेटींत चाकू सांठत जाऊन हातांत मात्र एकही धड राहत नाहीं.

यासाठीं शंका येतांच प्रथम तिची जात ओळखावी. आमच्या समजुतीप्रमाणें या शंका तीन प्रकारच्या असतात. पहिली धारेची, ती घरीं निवारतां येते. दुसरी सांध्याची, ती घरीं निवारत नाहीं, माल परत करावा लागतो. तिसरी कामाची; म्हणजे चाकू चांगला, परंतु आपलें काम त्याच्या जातीचें नव्हे. या तिहींची गल्लत झाली म्हणजे बोथट धारेसाठीं चांगला चाकू टाकला जातो, आणि डुलणाऱ्या सांध्याचा वाईट चाकू धार चांगली म्हणून जवळ राहतो.

धारेची शंका

कारखान्यांतून आलेल्या चाकूची धार ही बहुधा कामचलाऊ असते, हें ध्यानांत धरावें. ती यंत्रावर भराभर लाविलेली असते व पुष्कळ वेळां तिचा कोन बोजड असतो. तेव्हां नवा चाकू निसण्यावर एकदां नीट लावून पाहिल्यावांचून त्याच्या पोलादाला बरेंवाईट म्हणणें म्हणजे न नांगरलेल्या जमिनीला नापीक म्हणण्यासारखें आहे.

धार लावण्याची रीत कठीण नाहीं, परंतु तिला धीर लागतो. निसणा सपाट असावा. मधें खोलगट झालेला निसणा धार गोल करतो. तो पाण्यानें भिजवून घ्यावा. पात्याची एक बाजू दगडाशीं सुमारें २० अंशांच्या कोनांत टेकवावी. हा कोन डोळ्यांनीं साधण्याची सोपी युक्ति अशी कीं, काटकोनाचे मनानें दोन भाग करावे, त्यांतील खालच्याचे पुन्हां दोन करावे, आणि त्याहून किंचित् खालीं यावें. मग तोच कोन न बदलतां मुठीकडून टोंकापर्यंत सारख्या दाबानें ओढावें. दुसऱ्या बाजूस अंगठा धारेवरून बाहेरच्या दिशेनें फिरविला असतां बारीक खरखरीत कड लागूं लागली म्हणजे या बाजूचें काम झालें. तेंच दुसऱ्या बाजूस करावें. शेवटीं दाब कमी करीत आळीपाळीनें दोन्ही बाजू ओढाव्या आणि जुन्या कातड्याच्या पट्ट्यावर पातें मागच्या दिशेनें दहावीस वेळां फिरवावें. न्हावी वस्तऱ्याला जें करतो तेंच हें. नंतर पिकलेला टोमॅटो दाब न देतां चिरून पाहावा. साल न दबतां पातें आंत उतरलें, तर तिसऱ्या दिवसाच्या निम्म्या शंका तेथेंच मिटल्या असें समजावें.

एक धोक्याची सूचना येथें अवश्य दिली पाहिजे. बाजाराच्या दिवशीं फिरत्या चाकावर धार लावून देणारे कारागीर येतात. त्यांची मेहनत खरी, परंतु कोरड्या चाकावर पातळ पातें क्षणांत तापतें. पोलादाला कठीणपणा येतो तो तें लाल करून एकदम निवविल्यानें, आणि चिवटपणा येतो तो पुन्हां मंद आंचेवर बेतानें तापविल्यानें. यालाच आपला लोहार पाणी देणें म्हणतो. धार लावतांना पात्याची कड पिंवळसर झाली तर ती सुमारें २२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापली, आणि निळी झाली तर सुमारें ३०० अंशांपर्यंत, असा याचा सर्वसाधारण हिशेब आहे. निळी कड म्हणजे उतरलेलें पाणी. त्या कडेला पुन्हां कितीही धार लावा, ती टिकणार नाहीं. ठिणग्या पुष्कळ उडाल्या म्हणजे धार चांगली लागली हा समज सोडून द्यावा. चाकावरच लावावयाची असेल तर पातें वरचेवर पाण्यांत बुडविण्याची अट आधीं घालावी.

काळे डाग आणि गंज

पोलादाच्या दोन मुख्य जाती बाजारांत आहेत. साध्या पोलादांत लोखंडाबरोबर सुमारें अर्ध्यापासून एक टक्क्यापर्यंत कर्ब असतो. न गंजणाऱ्या पोलादांत याशिवाय क्रोमियम हा धातु निदान साडेदहा टक्के असतो, आणि चाकूंत तो बहुधा याहून अधिक घालतात. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं असें पोलाद तयार केलें, तेव्हांपासून सुऱ्याकात्र्यांचा धंदाच पालटला. साध्या पोलादाला निसण्यावर लवकर आणि बारीक धार येते, पण त्याला ओल व आंबट रस सोसत नाहीं. न गंजणारें पोलाद ओल सोसतें, पण त्याच्या हलक्या जाती धार लवकर सोडतात.

यांतील कोणतें चांगलें हा प्रश्न जमीन कोणती चांगली या प्रश्नासारखाच आहे. उत्तर गांवावर अवलंबून राहतें. कोंकणांत खारी हवा, चार महिने पाऊस, आंब्याचा चीक आणि कोकमाचा आंबटपणा, तेथें न गंजणारें पोलादच बरें. देशावर, वऱ्हाडांत किंवा खानदेशांत वर्षाचे आठ महिने हवा कोरडी असते. तेथें चाकू पुसून ठेवण्याची संवय असलेल्या माणसाला साधें पोलाद अधिक समाधान देईल. कैरी, चिंच किंवा लिंबू चिरल्यावर साध्या पोलादावर जे करडे-काळे डाग उमटतात त्यांना भिण्याचें कारण नाहीं. ती पात्यावर बसणारी पातळ जात आहे आणि कांहीं अंशीं ती पात्याचें रक्षणच करते. तांबडा, खरवडून निघणारा तो गंज. तो मात्र तत्काळ काढावा.

गंजलेल्या चाकूनें कापलें म्हणजे धनुर्वात होतो, ही समजूत सर्वत्र आहे. धनुर्वाताचे जंतु गंजांत उत्पन्न होत नाहींत. ते मातींत आणि जनावरांच्या शेणांत असतात. म्हणजे शेतकऱ्याचा चकचकीत चाकूही तितकाच भयावह आहे, कारण तोही मातींतच वावरतो. खोल जखम झाली तर चाकू नवा होता म्हणून निर्धास्त राहूं नये; जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवून दवाखाना गांठावा आणि धनुर्वाताची लस वेळच्या वेळीं घेतलेली असावी.

तेलाविषयीं थोडें सांगतों. सांध्यांत जवसाचें किंवा करडईचें तेल घालूं नये. तें हवेनें घट्ट व चिकट होतें आणि महिन्याभरांत चाकू उघडेनासा होतो. शिवणयंत्राला घालतात तें पातळ तेल एक थेंब पुरतें. त्याच चाकूनें फळ चिरून खावयाचें असेल तर पात्याला खोबरेल लावावें. मात्र तें सुमारें २४ अंशांच्या खालीं गोठतें, म्हणून थंडीच्या दिवसांत सांध्यांत त्याचा उपयोग नाहीं.

सांध्याची शंका

घडीचा चाकू आणि साधी सुरी यांत भेद एकच: घडीचा चाकू मध्येंच मोडलेला आहे. हा मोड कारागिरानें हेतुपुरस्सर केलेला असला तरी तो मोडच होय. सुरीचें पातें मुठींत खोल गेलेलें असतें. येथें सर्व भार एका लहानशा खिळ्यावर येतो. म्हणून धारेकडे आधीं न पाहतां या खिळ्याकडे पाहावें.

शेतकऱ्यांसाठीं म्हणून ज्यांनीं असे चाकू केले, त्यांनीं या मोडाची काळजी कशी घेतली हें पाहण्यासारखें आहे. फ्रान्सच्या डोंगराळ साव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० सालीं बीच लांकडाच्या मुठीचा साधा चाकू काढला. त्याला पुढें १९५५ सालीं एक फिरणारें कडें बसविण्यांत आलें. पातें उघडून कडें फिरविलें म्हणजे तें मिटूं शकत नाहीं. जपानांतील मिकी येथें होणाऱ्या हिगोनोकामी नांवाच्या चाकूला खटकाही नाहीं आणि कमानही नाहीं. पात्याच्या मागें आलेली एक जीभ अंगठ्यानें दाबून धरावयाची, इतकेंच. स्वित्झर्लंडांतील कार्ल एल्सेनर यानें १८९१ सालापासून आपल्या देशाच्या शिपायांना जे चाकू पुरविले, त्यांचें पातें पाठीमागच्या कमानीच्या जोरावर उघडें राहतें. या तिन्ही रचना साध्या आहेत, आणि तिन्हींचे चाकू आजही विकले जातात. बारा हत्यारें एकत्र कोंबलेल्या चाकूपेक्षां एका पात्याचा, एका खिळ्याचा चाकू शेतावर अधिक वर्षें चालतो, हें यावरून दिसून येईल.

परंतु कमानीच्या जोरावर उघडें राहणें आणि खटक्यानें अडकून राहणें, या दोहोंतील भेद आपल्यापैकीं पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कमानीचें पातें ओढून कापावयास ठीक. पुढें रेटून भोक पाडावयास तें अत्यंत घातक. टोंक अडकलें व हात पुढें सरकला कीं पातें बोटांवर मिटतें. उजव्या हाताच्या तर्जनीची शीर तुटली म्हणजे तो हात कासरा धरावयाचा नाहीं, धार काढावयाचा नाहीं, आणि ऐन पेरणींत असें झालें तर एका चाकूच्या किंमतीच्या शंभरपट हंगामाचें नुकसान होतें. डब्याला भोक पाडणें, नळी फोडणें, नारळ सोलणें, बांबू चिरणें, ऊस तोडणें हीं कामें घडीच्या चाकूनें करूंच नयेत. त्यांना कोयता आहे, विळा आहे, आणि तीं हत्यारें या कामांसाठींच घडलेलीं आहेत.

सांध्याची परीक्षा पहिल्या आठवड्यांतच करावी, म्हणजे माल परत करण्याची मुदत टळत नाहीं. पातें उघडून टोंक चिमटींत धरावें व डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावें. डुलतां कामा नये. मिटलेलें पातें मुठीच्या दोन्ही अंगांपासून सारख्या अंतरावर बसलें आहे कीं नाहीं तें वरून पाहावें. एका अंगाला घांसत असेल तर धार तेथेंच बोथट होणार. खटका असेल तर पात्याची पाठ लांकडी ओंडक्यावर बेतानें दाबावी. मात्र त्या वेळीं बोटें पात्याच्या वाटेंत कदापि नसावीं. मूठ दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरावी. इतक्यानें खटका सुटला तर तो चाकू एक दिवसही ठेवूं नये. शेवटीं हात भिजवून व थोडी माती लावून चाकू उघडून पाहावा. दुकानांत कोरड्या हातानें उघडणारा चाकू शेतांत उघडेलच असें नाहीं. या चार परीक्षांपैकीं एकींत जरी चाकू नापास झाला, तरी तेथें भिडेचें काम नाहीं. धार सुधारते; सैल सांधा सहसा सुधारत नाहीं.

कामाची शंका

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा विचार सर्वांत कमी होतो. आपण दिवसभरांत काय कापतों याची आठ दिवस मनाशीं नोंद ठेवावी. सुतळी, पोत्याचें तोंड, ठिबकाची नळी, खताच्या पिशवीची कड, भाजीचा देंठ, दुपारचा कांदा, लिंबाची फोड. एवढ्यासाठीं तीन इंचांचें पातें भरपूर झालें. पांच इंचांचा चाकू घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यांत जो पश्चात्ताप होतो तो खिशाच्या भाराचा असतो.

परंतु बागाइतदारांपैकीं कित्येकजण हाच चाकू कलमें बांधण्यास वापरूं लागतात, आणि तेथें खरें नुकसान होतें. खिशांतील चाकूचें पातें दोन्ही अंगांनीं उतरतें केलेलें असतें. त्यानें काडीला तिरपा काप दिला तर काप सरळ न जातां किंचित् गोलावतो. मग काडी आणि खुंट यांच्या सालीखालचे थर एकमेकांस सर्वत्र भिडत नाहींत, मधें पोकळी राहते, आणि कलम सुकतें. कलमाच्या चाकूचें पातें एकाच अंगानें उतरतें व दुसऱ्या अंगानें सपाट असतें. सपाट अंग काडीकडे ठेविलें म्हणजे काप आरशासारखा येतो. डावखुऱ्या माणसाला उतार उलट्या अंगाचा चाकू लागतो, हेंही विसरूं नये. कोंकणांत कोय कलमासाठीं पंधरवड्याचीं कोंवळीं, तांबूस पानांचीं रोपें घेतात. त्यांचा दांडा इतका नाजूक असतो कीं, जाड पात्यानें तो चिरत नाहीं, चेंगरतो. मृदकाष्ठ कलमांत काडीला दोन्ही अंगांनीं तासून पाचर करावयाची असते; तेथेंही दोन्ही काप एकेका ओढींत व्हावे लागतात. नाशिककडे जंगली खुंटावर द्राक्षाची काडी बांधणारे आणि नागपुराकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणारे कसबी लोक पहा. ते खिशांतील चाकूला हातही लावीत नाहींत. कलमें लागत नाहींत म्हणून हवेला, काडीला व माळ्याला दोष देण्यापूर्वीं हत्याराकडे पाहावें. अशा बागाइतदाराची शंका अगदीं खरी. पण तिचें उत्तर याहून महाग घडीचा चाकू हें नव्हे, तर कलमाचा स्वतंत्र चाकू हें आहे.

याहूनही गंभीर गोष्ट रोगांची. एकच चाकू सकाळीं डाळिंबाच्या फांदीवर, दुपारीं कांद्यावर आणि संध्याकाळीं शेजाऱ्याच्या बागेंत, असा दिनक्रम आपल्याकडे सर्रास आढळतो. डाळिंबावरील तेल्या हा जंतुजन्य रोग आहे, आणि छाटणीच्या हत्यारांनीं तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. लिंबूवर्गीय झाडांच्या खुंटाची साल फोडणारा एक्झोकॉर्टिस हा विकार डोळे भरण्याच्या चाकूनें पसरतो. नुसतें पातें ज्योतीवर धरून तो हमखास टळत नाहीं. उसाचा खोडवा खुजा करणारा रोग बेणें तोडणाऱ्या कोयत्यावरून फैलावतो. झाडागणिक हत्यार एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत बुडविणें हा यावरील नित्याचा उपाय होय. आतां घडीच्या चाकूची अडचण पहा. त्याच्या सांध्याच्या फटींत रस, माती आणि सालीचे कण जाऊन बसतात. पातें बुडवून निघतें, फट निघत नाहीं. शिवाय हें द्रावण पोलादाला खातें, आणि सांध्यांत राहिलेला थेंब खिळा गंजवितो. तेव्हां रोगट बागेंत घडीचा चाकू नेऊंच नये. तेथें छाटणीची कात्री किंवा सपाट, घडी नसलेली सुरी वापरावी. काम संपल्यावर ती स्वच्छ पाण्यानें धुवून, पुसून, तेल लावून ठेवावी. ज्या चाकूनें आपण फळ चिरून मुलांच्या हातावर ठेवतों, तो या कामांपासून दूरच असलेला बरा. जनावराचें गळूं फोडणें, खूर कोरणें हींही कामें त्याच्याकडे सोंपवूं नयेत. त्यासाठीं पशुवैद्य आहेत.

कायद्याविषयीं दोन शब्द. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें शस्त्रांत गणलीं आहेत. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगासाठीं बनविलेलीं त्यांतून वगळलेलीं आहेत. खिशांतील तीन इंची चाकू या मापाच्या पुष्कळ आंत राहतो. तरी शेतावरचा चाकू शेतावर शोभतो. जत्रा, सभा, न्यायालय व मिरवणूक येथें तो घरीं ठेवावा, आणि विमानप्रवासांत हातांतील पिशवींत तो नेतां येत नाहीं हें लक्षांत असूं द्यावें.

लोहार आणि नवी वस्तु

या विवेचनावरून आम्ही नव्या वस्तूंच्या विरुद्ध आहों असा ग्रह कोणी करून घेऊं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडते असें म्हणून शेतकरी तो घेण्यास कचरत होते. ती शंका मोडली ती वादानें नव्हे, तासांत नांगर चालवून पाहिल्यानें. शंकेला प्रयोगाकडे नेलें म्हणजे ती आपोआप मिटते किंवा खरी ठरते. दोन्हींत शेतकऱ्याचा फायदाच आहे. चाकूच्या बाबतींत आम्ही सांगतों तें एवढेंच.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. एका गांवांत एक लोहार असे आणि बलुत्याच्या नात्यानें सर्व गांवाचीं हत्यारें त्याच्या हाताखालून जात. विळ्याची मूठ सैल झाली, कोयत्याचें पाणी उतरलें, तर त्याच्या भात्यापुढें जाऊन बसावयाचें. बलुत्याची पद्धति गेली, तिच्यांतील अन्यायही पुष्कळ होते आणि ती गेली याचें दुःख करावयाचें कारण नाहीं. परंतु तिच्याबरोबर हत्यार दुरुस्त करून वापरण्याची बुद्धि जावी हें बरें नव्हे. आजही मालमोटारीच्या जुन्या कमानीच्या पट्टीपासून कोयता आणि विळा घडविणारे लोहार खेडोपाडीं आहेत, आणि त्या पट्टीचें पोलाद उत्तम असतें. नव्या चाकूचा पश्चात्ताप झालेल्या गृहस्थानें दुसऱ्या चाकूवर जो खर्च योजिला असेल, तो एका चांगल्या निसण्यावर आणि लोहाराकडून घडविलेल्या एका सरळ सुरीवर करावा. या तिहींच्या जोडीनें दहा वर्षें सुखानें जातील.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वस्तूसाठीं इतका ऊहापोह कशाला? दोनशें रुपयांचा चाकू. नाहीं चालला तर फेंकून द्यावा. यावर आमचें उत्तर असें कीं, शेतकऱ्याचा प्रपंच बैलाच्या किंवा पंपाच्या खरेदींत सहसा बुडत नाहीं, कारण तेथें तो जागा असतो. तो पाझरतो तो वहींत न लिहिलेल्या दोनशें-दोनशें रुपयांतून. ज्या घरांत चाकू फेंकण्याची संवय लागली, तेथें फवारणीचा पंप, विळा, पाटी, दोरी सर्व कांहीं त्याच वाटेनें जातें. उलट ज्यानें एक चाकू धार लावून, तेल घालून, आपल्या जागीं ठेवून दहा वर्षें वापरला, त्याच्या घरीं इतर हत्यारांनाही गंज चढत नाहीं.

तात्पर्य, खरेदीमागून विचार आला तर त्याला लाजूं नये आणि त्याच्या नादानें दुकानाकडे धांवूंही नये. पहिल्या आठवड्यांत सांधा तपासावा, दुसऱ्यांत धार लावावी, तिसऱ्यांत आपल्या कामांची यादी करावी, आणि मग निर्णय घ्यावा. ठेवावयाचा ठरला तर ज्या दिवशीं घेतला तो दिवस व किंमत वहींत लिहून ठेवावी. आपल्या संस्थेस आमची सूचना अशी आहे कीं, दरसाल छाटणीच्या हंगामापूर्वीं होणाऱ्या सभेंत भाषणांना दिलेल्या वेळांतून एक घटका काढून सभासदांना निसणा, सुरी आणि कात्री हातीं देऊन धार लावण्याची व हत्यारें निर्जंतुक करण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी, आणि तें दाखविण्यास जवळच्या एखाद्या जुन्या लोहारास मानधन देऊन बोलवावें. खर्च अल्प आहे. वांचणारीं बोटें, लागणारीं कलमें आणि रोगापासून राखलेल्या बागा यांचा जमाखर्च सभासदांनीं वर्षअखेरीस आपापल्या वहींत पाहावा.